आधी कोपर

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. नवा माणूस समोर आला की त्यांची नजर सरळ खाली जायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. अमरावतीत त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने बघायला मी आणि माझी बायको पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी माझं नाव सांगितलं, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो हे सांगितलं, आणि पगार सांगायच्या बेतात होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"चप्पल काढ. टाच दाखव."

मी भाडेकरू म्हणून पसंत पडलो तो टाचेवरून. बायकोच्या टाचेला भेगा निघाल्या, म्हणून ओळख होण्याआधीच तिला बोलणी खावी लागली. "सासरी आली का पायाकडे पाहाचं नसते का? का पाय माहेरीच ठेवून आली?" बायको आमच्या जुन्या खोलीवर येऊन रडली आणि म्हणाली, हे घर नको. पण त्या भागात तेवढ्या भाड्यात दुसरं घर मिळत नव्हतं, म्हणून आम्ही राहिलो.

सिस्टर म्हणजे नन नव्हेत. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या, आणि ते संबोधन त्यांना कायमचं चिकटलं. वाढल्या मूर्तिजापूरच्या रेल्वे क्वार्टरात. लग्न केलं नाही. बोलायला इतक्या फटकळ, की चर्चमधले लोकही त्यांच्या शेजारची जागा टाळत. आणि बाराही महिने त्यांच्या पायात पांढरे मोजे आणि कॅनव्हासचे बूट असत. मे महिन्यात अमरावतीचा डांबरी रस्ता चपलेला चिकटतो, तेव्हाही. घरातसुद्धा. बायको म्हणायची, या आंघोळही बुटांतच करत असतील.

दर शनिवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर शुगरचे पेशंट जमायचे. रिक्षावाले, हमाल, भाजीवाल्या, कधीतरी एखादे निवृत्त तहसीलदारही. घरात सागवानी हातांची एकच चांगली खुर्ची होती. तीत पेशंट बसायचा आणि सिस्टर त्याच्या पायाशी पाटावर. समोर निळा प्लास्टिकचा टब. आधी त्या बाही वर करून पाण्यात कोपर बुडवायच्या. हात कामानं निबर होतात, कोपर खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. "शुगरवाल्याच्या पायाले चटका समजत नाही. म्हणून आधी कोपर, मग पाय." हे वाक्य त्या ओसरीवर मी इतक्यांदा ऐकलं, की वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना तेच तोंडात यायचं. मग त्या पाय धुवायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं कापायच्या, आणि जखम दिसली तर डॉक्टरकडे हाकलायच्या. हे सगळं चालू असताना शिव्यांचा पट्टा चालूच. टबात पाय पडला की तहसीलदारालाही अरेतुरे.

पाय हातात घेण्याआधी त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. त्यावरून एकदा चांगलंच पेटलं. एक तरुण शनिवारी ओसरीसमोर गाडी थांबवून उभा राहिला आणि मोबाइल धरून शूटिंग करायला लागला. "बाई, काय मंतर टाकून राहिल्या लोकायवर? बाटवता का?"  दोघं पेशंट तर उठून जायला लागले. मी खिडकीतून बघत होतो. असल्या गोष्टी कुठून कुठे जातात ते आपण रोज वाचतो. सिस्टरनी हातातला पाय सोडला नाही. त्या तरुणाच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "मी म्हणते, प्रभू, माह्या तोंडातून वाईट शब्द निघू देऊ नको. पण तो काही आयकत नाही. मघापासून तीनदा निघाला. अन् तुह्या बोटायच्या मधात चिखल्या झाल्या आहेत. चप्पल काढ, बस तिकडं, तुहा नंबर या आजीनंतर." तो बसला नाही. पण मोबाइल खिशात घालून निघून गेला, आणि पुढे कित्येक दिवस त्याची गाडी दिसली की मी खिडकी लावून घ्यायचो. सिस्टरना मात्र त्याच्या चिखल्यांचीच काळजी लागून राहिली होती.

त्यांना नमस्कार केलेला चालत नसे. दिवाळीला माझी बायको पाया पडायला वाकली, तर त्या उडी मारून मागे सरल्या. बायको पुढे, त्या मागे, असं करत दोघींनी माझ्या स्कूटरला प्रदक्षिणा घातली. शेवटी सिस्टर न्हाणीघरात शिरल्या आणि आतून कडी लावली. आम्ही हसलो. धर्मात बसत नसेल, असं धरून चाललो.

आणि मग माझे बाबा आले.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आई गेल्यावर अकोल्याला जठारपेठेतल्या घरी एकटेच राहायचे, आणि कोणाचं काही ऐकायचं नाही हा त्यांचा दिनक्रम होता. एक दिवस शेजाऱ्यांचा फोन आला, की यांच्या पायाला वास येतो. मी जाऊन बघितलं तर उजव्या अंगठ्याखाली भोक पडलेलं. चपलेतून खिळा वर आला होता. त्यावर ते बाजार करून आले होते, बँकेत जाऊन आले होते, आणि त्यांना पत्ता नव्हता. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रोज ड्रेसिंग करा, पाय टेकू देऊ नका, जखम भरली तर भरली. नाही भरली तर पाय घोट्यापासून वर कुठे कापावा लागेल ते आज सांगता येत नाही. 

सिस्टरनी बाबांकडे, म्हणजे बाबांच्या पायाकडे, एकदाच पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मास्तर, डायवरचं ड्रेसिंग मी करीन. रोज."

बाबांनी पाय पोटाशी ओढून घेतला. "नाही बाई. तुमी माह्यापेक्षा मोठ्या आहा. मोठ्या माणसानं पायाले हात लावला तर मले पाप लागते."

"पाप मी पाहून घेईन. तू पाय इकडं कर."

"अहो, बाईमाणूस तुमी—"

"पाय कर इकडं! का कापल्यावर पार्सल पाठवशील?"

बाबांनी पाय दिला. पण पापाचा हिशेब त्यांनी आपल्या पद्धतीने मांडला. पट्टी बांधून झाली, की ते लगेच वाकून सिस्टरच्या बुटांना हात लावायला जायचे, म्हणजे फिटंफाट. सिस्टर बूट पाटाखाली ओढायच्या. रोज सकाळी ही झटापट. तिच्या नादात एकदा बाबा खुर्चीवरून पडता पडता वाचले. शेवटी तह झाला. सिस्टरच्या पायांऐवजी बाबांनी टबाला नमस्कार करायचा. ज्याने आयुष्यात एसटीच्या डेपो मॅनेजरपुढे मान वाकवली नाही, तो माणूस रोज सकाळी प्लास्टिकच्या टबाला हात जोडायला लागला.

जखम भरायला लागली. खूप हळू, पण कडा गुलाबी दिसायला लागल्या. डॉक्टर खूश झाले. मी मात्र रोज पट्टी सुटताना श्वास रोखून उभा असायचो. सिस्टर वास घ्यायच्या, मान डोलवायच्या, तेव्हा कुठे मी कॉलेजला निघायचो.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. त्या दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ती आठवण. सिस्टरना दरवर्षी त्या बारांत बसायला बोलावत, आणि त्या दरवर्षी नकार देत. वर भांडतही. "सारे घरून घासूनपुसून येतात. नवे मोजे घालून येतात. धुतलेले पाय धुवाचे, त्याले काय अर्थ आहे, फादर? एखादा शेणातून चालत आलेला पाय बसवा न समोर." फादर तरुण होते. हसून सोडून द्यायचे.

बाबांनी हे ऐकलं आणि हट्ट धरला, मले पाहाचं आहे. रिक्षाने नेऊन मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. शेजारी सिस्टर. समोर बारा माणसं ओळीनं बसलेली, प्रत्येकाचा एक पाय उघडा. फादर गुडघ्यांवर बसले, पाणी घातलं, पुसलं, आणि वाकून त्या पायाचं चुंबन घेतलं. मग पुढचा पाय. बाबा बाकाची कड धरून बघत होते.  घरी आल्यावर मला म्हणाले, "तो फादर म्हणजे यायच्यातला मोठा माणूस ना रे?"

"हो."

"अन् हे बाई मले रोज तिथं बसवून राहिली."

एवढंच बोलून ते झोपले. मला वाटलं, बरं झालं, आता तरी खुर्चीत गुमान बसतील.

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सिस्टर दिवसभर चर्चमध्ये होत्या, त्यामुळे पट्टी शनिवारी सकाळी सुटायची होती. मी दूध घेऊन आलो, तर बाबा आधीच ओसरीवर खुर्चीत जाऊन बसलेले. धुतलेला सदरा, केसांना तेल. पायावर स्वच्छ टॉवेल पांघरलेला. चेहरा असा, की पहिल्यांदा नवी गाडी हातात आली तेव्हा दिसला असेल तसा. इतर पेशंट यायचे होते. सिस्टर टब घेऊन आल्या, पाटावर बसल्या, कोपर बुडवलं, डोळे मिटून पुटपुटल्या, आणि टॉवेल बाजूला केला.

पट्टी नव्हती. पाय तांबडालाल होता आणि चमकत होता. सिस्टरनी टाचेखाली हात घातला, आणि तळव्याची कातडी सैल मोज्यासारखी त्यांच्या हातात सरकली.

"कोणी केलं हे?" त्यांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

"मीनं," बाबा म्हणाले. "तुमाले घाण पाय कसा देऊ, बाई? तिथं सारे धुऊन आले होते. मीनंही गिझरचं पाणी घेतलं बादलीत, चांगला बुडवून ठेवला, वजरीनं घासला. देवापुढं जाताना आपण पाय धुऊनच जातो ना?"

त्यांना काहीच दुखत नव्हतं. ते हसत होते, शाबासकीची वाट बघत. मी दुधाची पिशवी फरशीवर ठेवली. मी सिस्टरच्या तोंडून शिव्या फुटायची वाट बघत होतो. त्या फुटल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो पाय दोन्ही तळव्यांवर तसाच तोलून धरला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, ऑटो आण. पळ."

त्या वर्षीचा ईस्टर सिस्टरनी हॉस्पिटलच्या बाकावर काढला. चर्चच्या घंटा तिथवर ऐकू येत होत्या. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. त्या गेल्या नाहीत. मला त्यांचा रागही आला होता, हे लपवत नाही. कशाला नेलं म्हाताऱ्याला तो सोहळा दाखवायला, असं मनात येत होतं. पण हट्ट बाबांचाच होता, आणि रिक्षा मीच बोलावली होती. राग धरायला जागाच सापडेना.

ताप चढला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, आज पायाचा पुढचा भाग काढला तर टाच वाचेल, माणूस चालेल. उद्यापर्यंत थांबलात तर गुडघ्याचं बोलावं लागेल. आणि बाबांनी सही करायला नकार दिला. मी समजावलं, बायकोनं हात जोडले. बाबांनी पाय चादरीत गुंडाळून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "याच पायानं मीनं ब्रेक दाबले. साऱ्या गाडीतले लोकं या पायाच्या भरवशावर झोपत. अर्धा पाय घेऊन मी जगू काहून? मले अकोल्याले नेऊन टाका."

दुपारी भेटायच्या वेळेत सिस्टर आत आल्या.

"डायवर, पाय दाखव."

"नाही."

"दाखव म्हणते."

"तुमी त्या दिवसापासून मले एक शिवी नाही दिली, बाई," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "तवाच मी समजलो का सरलं आता. तुमी इतके दिवस राबल्या अन् मीनं एका बादलीत सारं घालवलं. मले लाज वाटते. नाही दाखवत."

 पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा सिस्टरचा आयुष्यभराचा नियम होता. त्या खाटेवर बसल्या. वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढून मला दिला. त्याच्या पुढच्या भागात कापूस ठासून भरलेला होता. मग त्यांनी मोजा ओढला.

पाय मध्येच संपत होता. बोटं नव्हती, चवडा नव्हता. जिथे बोटं असायची तिथे गुळगुळीत, आडवी, जुनी शिवण होती. माझ्या बायकोनं तोंडावर पदर घेतला.

"शुगर मलेही आहे. बुटाचा फोड होता," सिस्टर म्हणाल्या. त्या कोणाशीच बोलत नव्हत्या असं वाटत होतं. "साऱ्या वार्डाचे पाय मी धुवो, अन् माहा फोड कोणाले दाखवला नाही. नर्सच्या पायाले काय होते? वास येऊन राहिला तं पावडर टाको. आयाबाईनं ओळखलं. ती खाली बसली, म्हणे दाखवा सिस्टर, मी धुते. मी तिले झिडकारलं. म्हटलं, माह्या पायाले हात लावाचा नाही." त्या थांबल्या. "पेत्र नावाचा शिष्य होता. तोही येशूले असाच म्हणे, माहे पाय धुवाचे नाही. मी ते लहानपणापासून वाचून राहिली, डायवर. मले वाटे, काय येडा माणूस आहे. दुसऱ्याचे पाय धुवाले काही लागत नाही. आपला पाय दुसऱ्याच्या हातात द्याले हिंमत लागते. ते माह्याच्यानं आजलोक झालं नाही. तुह्याच्यानं तरी होऊ दे."

बाबा वळले.  मग सलाइन लावलेला हात त्यांनी हळूच पुढे केला आणि त्या शिवणीवर ठेवला. सिस्टरचं सगळं अंग आकसलं.  पण पाय तिथेच राहिला.

"याच पायानं तुमी चालता? इतकं फिरता?"

"पाहून राहिला ना रोज."

बाबांनी चादर काढली. मला म्हणाले, "कुठी सही कराची, सांग."

टाच वाचली. पुढे खूप महिने गेले, ताप येऊन गेले, टाके चिघळून पुन्हा भरले. सिस्टरनी स्वतः बसून बाबांच्या बुटात कापूस भरला, कमी केला, पुन्हा भरला. तोल कसा सांभाळायचा ते शिकवलं. शिव्या परत सुरू झाल्या, आणि पहिली शिवी ऐकली त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

दिवाळी झाल्यावर बाबांनी अकोल्याला परत जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. पेशंट गेले. सिस्टर टब उचलायला वाकल्या, तर बाबांनी तो आपल्याकडे ओढला.

"बाई, खुर्चीत बसा."

"कामं पडली आहेत."

"मले उद्या जाचं आहे. बसा."

सिस्टरनी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. पायाकडे नाही, तोंडाकडे. मग त्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी सागवानी हात असे पकडले, की दात काढायला आणलेलं लहान पोर आठवावं. बाबा भिंतीला धरून, हळूहळू, एकेक अवयव सांभाळत पाटावर बसले. बुटाची नाडी सिस्टरनीच सोडली. मोजा बाबांनी काढला. मी गिझरचं पाणी आणून टबात ओतलं, गार मिसळलं. बाबांनी पायाला हात घातला.

"थांब!" सिस्टर ओरडल्या आणि पाय मागे घेतला.

मला वाटलं, संपलं. आता उठतील आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावतील.

"आधी कोपर," त्या म्हणाल्या.

बाबांनी सदऱ्याची बाही वर केली आणि पाण्यात कोपर बुडवलं. लागतो त्याहून जास्त वेळ तसंच धरून ठेवलं.

"कोमट आहे, बाई," ते म्हणाले.

सिस्टरनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या, आणि पाय बाबांच्या हातात दिला.